गोल्फच्या काठ्यांना खोबरेल

हत्यारांच्या बाबतीत मला कोणी शिकवायला येऊ नये! शाळा मी चौथीपर्यंतच पाहिली, आणि त्यातही निम्मा वेळ वर्गाबाहेर उभी होते. पण चौलातली आमची नारळी-सुपारीची वाडी आज जी डोलते आहे ती माझ्या जिवावर. कोयता, पहार, फावडं काहीही आणा. नुसतं हातात घेऊन सांगते, हे चालेल की रडवेल. हत्यार धरणाऱ्याचं तोंड बघूनही सांगते. ज्याला नारळ सोलता येत नाही, तोच म्हणतो नारळ कडक आहे!

म्हणून आमचा देवव्रत मुंबईहून येताना भलीमोठी काळी पिशवी घेऊन मांडव्याला उतरला आणि ती खांद्यावर टाकून दारात उभा राहिला, तेव्हा मी आधी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तोंड नव्या नवरदेवासारखं!

"काय रे हे? एवढं कोणाला गुंडाळून आणलंस?"

"आई, गोल्फच्या काठ्या! परदेशी आहेत!"

गोल्फ म्हणजे काय ते सांगते. मलाही माहीत नव्हतं, तेव्हा लाजू नका. एवढासा पांढरा चेंडू असतो. तो काठीने मारत मारत लांबवरच्या भोकात घालायचा. कमी फटक्यांत घालेल तो जिंकला. उचलून नेऊन टाकला तर चहा उकळायच्या आत काम होईल. पण मोठ्या लोकांना सोपं चालत नाही.

देवव्रत अलिबागला एका पाइपांच्या कंपनीत आहे. त्याच्या कपाडिया साहेबांना ह्या खेळाचं वेड. साहेबांमुळे देवव्रतला लागलं. वर्षभर जुन्या काठ्या घेऊन वाडीत सराव चालला होता. सराव कसला, नासधूस! दोन कौलं गेली, माझी तुळस गेली, अंबाजी विहिरीवर वाकला असताना त्याच्या पाठीत चेंडू बसला. अंबाजी म्हणजे आमच्या वाडीतला गडी. काम कमी आणि बोलणं फार. तेव्हापासून तो नारळावर चढला की वरूनच ओरडतो, "दादा खेळताय काय? मग मी खाली येत न्हाय!"

"ह्या काठ्यांनी चेंडू आपोआप सरळ जातो," देवव्रत म्हणाला.

"मग तू कशाला जातोस? काठीलाच पाठव!"

आश्लेषा, म्हणजे आमची सून, पदर तोंडाला लावून हसली. ती शाळेत शिकवते, तिला सगळ्यांना शिकवायची सवय. "अहो, काठी बदलून काय होणार? धरण्यातच चूक आहे तुमच्या. मोबाईलवर ते मास्तर सांगतात ना, चिमणीचं पिल्लू धरावं तशी हलकी धरायची. तुम्ही धरता जसा काही चोर पकडलाय!"

"तुझे मास्तर मोबाईलमध्ये बसून बोलतात. इथे वारा असतो!"

"नाचता येईना, अंगण वाकडं!" मी म्हटलं. झालं! घरात दोन पक्ष पडले. एक काठीचा, एक हाताचा. मी हाताच्या पक्षात. जेवताना भांडण, झोपाळ्यावर भांडण. असा आठवडाभर तमाशा रंगला आणि मला, खरं सांगते, मजा येत होती.

मग एका संध्याकाळी सई माझ्या मांडीवर येऊन बसली. माझी नात. दुसरीत आहे, पण प्रश्न वकिलाचे.

"आजी, इंदूरला समुद्र आहे का गं?"

"नाही बाई."

"मग सुट्टीत लोक कुठे जातात?"

"ते इंदूरचं तुला कशाला?"

"बाबा आईला सांगत होते. आपण तिकडे राहायला जाणार."

मी सईला मांडीवरून उतरवलं! देवव्रतला समोर उभा केला. तेव्हा पोपट बोलला. कंपनीचं इंदूरला नवं ऑफिस निघतंय. तिथे पाठवायच्या माणसांत ह्याचं नाव आहे. जायची त्याची इच्छा नाही, आश्लेषाची तर नाहीच. पण साहेबांच्या तोंडावर नाही म्हणायची ह्याची छाती नाही.

"दसऱ्याला मॅच आहे, आई. मांडव्याच्या मागे ते नवं मैदान झालंय ना, तिथे. साहेब आणि मी एका बाजूला, दुसऱ्या कंपनीचे दोघं दुसऱ्या बाजूला. जिंकलो की साहेब खूश. खूश असताना शब्द टाकतो, मला इथेच ठेवा म्हणून."

"आणि हरलास तर?"

सई त्याच्याकडे बघत होती, मी सईकडे.

त्या क्षणी मी दोन्ही पक्षांत गेले! काठी म्हणा, हात म्हणा, सगळं चालेल, पण चेंडू भोकात गेलाच पाहिजे. माझी नात समुद्र नसलेल्या गावाला जाणार नाही!

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडे सगळी हत्यारं घासूनपुसून पाटावर मांडतात, पूजा करतात आणि दुसऱ्या दिवशी अक्षता टाकून पूजा हलवल्याशिवाय कोणी हात लावत नाही. हत्याराला विश्रांती हवी. कोयते, विळे, पहारी, पाण्याचा पंप, देवव्रतचा लॅपटॉप, आश्लेषाची स्कूटी, सगळे रांगेत. मग गोल्फच्या काठ्यांनीच काय घोडं मारलंय? ज्या हत्यारावर आमच्या घराचा निकाल लागणार, त्याला पहिला मान!

देवव्रत आणि आश्लेषा आपट्याची पानं आणायला बाजारात गेले होते. मी पिशवी उघडली. एकेक काठी काढली. चांगलीच होती हो, नाव ठेवायला जागा नव्हती. फक्त मुठी! काळ्या रबराच्या, आणि हाताला नुसत्या खरखरीत. सगळीकडे चरे.

"वयनी," अंबाजी म्हणाला, "मूठ घासलेलीच न्हाय ह्यांची. फसवला दादांना."

"परदेशी माल, दुसरं काय होणार!"

"कोयत्याची मूठ अशी असली तर हातभर फोड येतील."

हे मात्र खरं होतं. मी अंबाजीला काथ्या दिला. त्याने एकेक मूठ घासली. मग मी घरच्या घाण्याचं खोबरेल घेतलं आणि रबराला चोळचोळ चोळलं. पहिल्यांदा तेल बसेना. मी सोडते काय! चऱ्याचऱ्यांत जिरवलं. शेवटी मुठी अशा तुकतुकीत झाल्या की त्यात तोंड दिसावं. काठ्यांच्या डोक्यालाही समोरून आडव्या रेघा होत्या. त्यांत ओलं कुंकू भरलं. वर झेंडू वाहिला. पूजा अशी सुंदर दिसत होती की अंबाजीने मोबाईलवर फोटो काढला.

रात्री देवव्रतने पूजा पाहिली, हात जोडले, आणि खूश झाला. झेंडूखाली काय दडलंय ते कोणी उचलून बघतंय!

दसऱ्याला मी आंघोळ करून अक्षता घेऊन ओटीवर आले, तर पाट रिकामा! झेंडू इकडेतिकडे, काठ्या गायब!

"देवव्रत!"

"ते गेले आई," आश्लेषा आतून म्हणाली. "साहेबांची गाडी लवकर आली."

"पूजा हलवल्याशिवाय? हा अपशकुन झाला!"

"असं काही नसतं, आई." ती बाहेर आली, पाटाकडे बघितलं, वाकली, बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला. तिचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला.

"आई, हे खोबरेल कसलं?"

"मुठींना लावलं. छान मऊ झाल्या."

"मुठींना? गोल्फच्या काठ्यांच्या? आई! ते चरे पकडीसाठी असतात! काठी हातातून सुटेल त्यांच्या! साहेबांच्या डोक्यात जाईल!"

हातातल्या अक्षता मी तशाच पाटावर टाकल्या.

"फोन कर त्याला!"

"साहेबांचा नियम आहे. खेळताना फोन गाडीत."

"मग बघत काय बसलीस? स्कूटी काढ!"

तेलाला डाळीच्या पिठासारखं औषध नाही. मी पिठाचा डबा काखेत मारला, पंचा खांद्यावर टाकला आणि स्कूटीवर बसले. सईला अंबाजीकडे ठेवलं. आश्लेषा एरवी अशी चालवते की बैलगाडी पुढे जाईल. त्या दिवशी मात्र नागावपर्यंत मी डोळे उघडलेच नाहीत!

नागावला उघडले आणि वाटलं, मिटलेलेच बरे होते. सुट्टीचा दिवस. पुण्या-मुंबईच्या गाड्या रस्त्यावर सुकट वाळत घालावी तशा पसरलेल्या! आश्लेषा दोन गाड्यांमधून घुसते न घुसते तोच एकाने काच खाली केली.

"आंटी, बीच किधर है?"

"सरळ जा! पाय ओले झाले की थांब!"

अलिबाग गेलं, चोंढी गेली. डब्याचं झाकण कधी उडालं कळलं नाही. मागून येणारा मिनीडोअर रिक्षावाला ओरडायला लागला. त्याची काच पिवळी झाली होती, बिचाऱ्याला कावीळ झाल्यासारखी.

"आई, पहिल्याच फटक्याला काठी सुटली असेल तर?" आश्लेषाचा आवाज रडवेला.

"तोंड बंद ठेव आणि गाडी हाक!" मी म्हटलं. कारण मलाही तेच दिसत होतं. साहेब आडवे, डोक्याला टेंगूळ, आणि देवव्रत इंदूरच्या गाडीत.

मैदानाच्या फाटकावर रखवालदार.

"मेंबर हो क्या?"

"आई आहे!"

"किसकी?"

"आत जाऊन आले की सांगते!"

आणि आम्ही आत! एवढं हिरवं गवत, पण एक गाय नाही. पाप लागेल अशाने. थोडं पुढे गेलो तर सुरूच्या झाडांखाली छत्री, खुर्च्या आणि चौघे चहा पीत बसलेले. पांढऱ्या कपड्यांतले कपाडिया साहेब धडधाकट होते! डोकं जागेवर! देवव्रत पाठमोरा. अलीकडे उभ्या असलेल्या छोट्या बिनदाराच्या गाडीत त्याची काळी पिशवी.

"देवी पावली," मी पुटपुटले. "मधला चहा चाललाय, अजून अर्धा खेळ व्हायचाय. चल!"

"त्यांना हाक मारू?"

"साहेबांसमोर सांगतेस की सासूने तेल लावलं? खाली बस!"

दोघी गाडीआड बसलो. मी पीठ लावायची, आश्लेषा पंच्याने पुसायची. चऱ्याचऱ्यांतून तेल काढलं. अशी पुसली की उटणं लावून न्हाऊ घातलेलं पोर! शेवटची काठी आत सरकवली आणि दोघी सुरूच्या मागे पळालो. तेवढ्यात मंडळी उठली.

कपाडिया साहेबांनी देवव्रतच्या पाठीवर थाप मारली. "देवव्रत, आज तर कमाल केला तू! असा गेम मी कधी बघितला नाय! ह्या दोघांना धुवून काढला!"

मी आश्लेषाकडे पाहिलं. आश्लेषाने माझ्याकडे.

"आई, ते जिंकत होते?"

"तेलाच्या काठीने?"

आश्लेषाने कपाळावर हात मारला. "आई! काठी घसरत होती म्हणून त्यांनी हलकी धरली असणार! भीत भीत! चिमणीचं पिल्लू! वर्षभर मी सांगत होते ते तुमच्या खोबरेलाने केलं!"

"आणि आपण..."

"आपण पुसून टाकलं!"

आता तेल कुठून आणायचं? डब्यात बघितलं, पीठ! पदराला, पीठ! एकदम आठवलं, सकाळी न्हाऊन डोक्याला चांगलं वाटीभर तेल थापलंय! मी अंबाडा सोडला, दोन्ही तळवे केसांवरून फिरवले आणि निघालेच. आश्लेषाने पदर धरून ओढलं. "आई, ते चालले!"

देवव्रतने काठी काढली. मुठीवरून हात फिरवला. क्षणभर चमकला. मग त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. पकड मिळाली होती ना! माझ्या लेकाने काठी दोन्ही हातांनी अशी आवळली, जसा काही सुपारीचोर रंगेहाथ सापडलाय.

"हलकी," आश्लेषा पुटपुटत होती, "हलकी धरा हो..."

फाट्! चेंडू खाडीच्या चिखलात. बगळे उडाले.

पुढचा आमच्याच दिशेने आला. आम्ही दोघी आडव्या. माझ्या कानाला वारा लागला! त्याच्या पुढचा कुठे गेला ते अजून कोणाला माहीत नाही. साहेबांचं हसू दर भोकागणिक उतरत चाललं, ओहोटीच्या पाण्यासारखं. दुसऱ्या कंपनीचे दोघे आता शीळ घालत होते. आम्ही झाडामागून झाडामागे सरकत होतो आणि माझ्या डोळ्यांपुढे सईची शाळेची बॅग इंदूरच्या गाडीत चढत होती.

शेवटचं भोक. दोन्ही बाजू बरोबरीत! आणि देवव्रतचा चेंडू वाळूच्या खड्ड्यात.

"एक साफ शॉट, देवव्रत," साहेब खड्ड्याच्या काठावर येऊन म्हणाले. "एकच."

वाळूसाठी वेगळी काठी असते. त्याने ती पिशवीतून पहिल्यांदाच बाहेर काढली. मला आठवलं. त्या काठीच्या रेघांत कुंकू सर्वांत जास्त भरलं होतं. तिचं डोकं रुंद आहे ना! मुठी पुसायच्या घाईत डोक्याकडे कोण बघतंय!

देवव्रतने दात-ओठ खाऊन काठी फिरवली. चेंडू जागचा हलला नाही. हलली ती वाळू. ओंजळभर वाळू आणि सगळं कुंकू उडालं आणि थेट साहेबांच्या अंगावर! साहेब डोळे चोळत मटकन खाली बसले. पांढरा शर्ट लालेलाल! कपाळ लाल!

"खून!" दुसऱ्या कंपनीतला एक किंचाळला. "ब्लड! डॉक्टरला बोलवा!"

देवव्रतच्या हातातून काठी गळली. "साहेब! साहेब, मी मारलं तुम्हाला?"

आता मात्र मला राहवेना. मोकळे केस, पिठाने माखलेली, मी सुरूमागून बाहेर पडले. मला बघून तो किंचाळणारा पुन्हा किंचाळला.

"ओरडू नका हो! रक्त कसलं, कुंकू आहे! काल मीच भरलंय!"

"आई?" देवव्रत म्हणाला. "तू? आणि आश्लेषा? हे काय?"

साहेबांनी कपाळाला बोट लावलं, नाकाजवळ नेलं. मी पंच्याने त्यांचं तोंड पुसायला लागले. त्यामुळे कुंकवात पीठ मिसळलं आणि ते जास्तच भीषण दिसायला लागले. म्हटलं, आता जे व्हायचं ते झालंय, बोलून मोकळं व्हावं.

"साहेब, ह्यात माझ्या पोराची चूक नाही. मुठींना तेल मी लावलं, म्हणून तो चांगला खेळला. तेल मीच पुसलं, म्हणून हरला. शिक्षा करायची तर मला करा. पण त्याला इंदूरला पाठवू नका. माझी नात लहान आहे. तिला समुद्र लागतो."

मी कोणापुढे हात जोडत नाही. ते मात्र जोडले गेले.

साहेब माझ्याकडे बघतच राहिले. मग हसायला लागले. असे हसले की कुंकू पुन्हा उडालं.

"इंदूर? माँजी, इंदूरला काम ऑफिसमध्ये थोडंच होतं! तिथली सगळी मोठी पार्टी गोल्फ खेळते. मला खेळणारा माणूस पाहिजे तिथे. चहाच्या टायमाला मी मनात पक्का केला होता, हाच! उद्या ऑर्डर काढणार होतो!" त्यांनी देवव्रतला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "पण हा असा खेळला तर कंपनी बुडेल माझी. ह्याला इथेच राहू दे. पाइप बघू दे."

मी एका दमात देवीचं, खंडोबाचं आणि डाळीच्या पिठाचं नाव घेतलं! आपट्याची पानं संध्याकाळी वाटतात, पण माझ्या कनवटीला दोन होती. ती तिथेच साहेबांच्या हातात ठेवली. "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा!"

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण घरात पुरुष असला की कुठलीही गोष्ट वेळेवर संपत नाही.

संध्याकाळी सई झोपाळ्यावर गात होती, अंबाजी सोनं वाटत होता, आणि देवव्रत खांबाला टेकून घुम्यासारखा बसलेला.

"इंदूर गेलं खड्ड्यात," तो एकदम म्हणाला. "पण साहेब हसले मला!"

"हसू देत की! इथे राहिलास ना!"

"कंपनी बुडेल म्हणाले! पुढच्या वर्षी दाखवतो त्यांना. सकाळी बघितलं ना, ह्या काठ्यांत दम आहे!"

"काठ्यांत कुठला? हलक्या हातात!" आश्लेषा म्हणाली.

"मग हातही सुधारतो! मास्तर लावतो चांगला!"

"अहो, सुधारलात तर इंदूर आहे!"

"ते तेव्हा बघू!"

आणि लावला हो खरंच! आता दर रविवारी मुंबईहून बोटीने एक मास्तर येतो. उंच, सडपातळ, शिकवण्यात हुशार. पहिल्याच दिवशी त्याने देवव्रतची पकड सैल केली आणि चेंडू सरळ विहिरीपलीकडे गेला. मला थेट इंदूर दिसलं.

तेव्हापासून मी एक करते. मास्तर आला की काठ्या बाहेर काढायच्या आधी त्याला पानावर बसवते. कोंबडी-वडे, वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, वर सोलकढी. नाही म्हणाला तर रुसते. सहाव्या वड्यानंतर त्याचे डोळे जड होतात, आणि मग तो झोपाळ्यावर जो आडवा होतो तो शेवटच्या बोटीच्या वेळेपर्यंत. देवव्रत एकटाच वाडीत काठ्या आवळून बसतो, आणि नारळावरून अंबाजी ओरडतो.

परवा मी मास्तरला वाढत होते, तर देवव्रत गहिवरून म्हणाला, "आई, माझ्या खेळासाठी तू किती करतेस गं!"

मी खाली मान घातली आणि मास्तरच्या पानात आणखी एक वडा टाकला.